मांजराच्या पोटाइतका कोमट

कामिनुमा गावात बुद्धाचा जन्म एक महिना उशिरा होतो. बाकीच्या जपानात तो आठ एप्रिलला होतो. पण आठ एप्रिलला कामिनुमाच्या देवळाच्या पायऱ्यांवर अजून गुडघाभर बर्फ असतो, आणि अशा थंडीत उघड्याबंब उभ्या बाळाच्या डोक्यावर चहा ओतणं गावाच्या पूर्वजांना बरं दिसेना. त्यांनी एकमताने जन्म आठ मेवर ढकलला. बुद्धाने हरकत घेतल्याची नोंद नाही.

त्या दिवशी देवळात फुलांनी शाकारलेल्या छपराखाली बाळबुद्धाची वीतभर मूर्ती उभी करतात. लोक रांगेने येतात, लाकडी पळीने मूर्तीच्या डोक्यावर तीनदा गोड चहा ओततात, आणि मग किटलीतला तसलाच चहा एकेक पेला पितात. या चहात साखर नसते. गोडपाल्याच्या झुडपाची वाळलेली पानं उकळत्या पाण्यात टाकली की झालं. मूठभर पानांत अख्ख्या गावाचं भागतं. मूठ मोठी झाली तर पोरं ओकतात.

गेली साठेक वर्षं ही मूठ कुरोइवांच्या परसातून येत होती. आधी सासू पाला करायची, मग सून. सून म्हणजे मासुए, आणि तिला हे काम करून एक्केचाळीस वर्षं झाली होती. कार्यक्रम आटोपला की देवळामागच्या विहिरीवर बसून सव्वादोनशे पेले धुवायचे, तेही तीच धूत असे. ज्या घरचा पाला त्या घरी पेल्यांची धुणी, हा रिवाजच होता. पण रिवाजाच्या या अर्ध्या भागाबद्दल गावात कोणी बोलत नसे. बोलत ते पहिल्या अर्ध्याबद्दल. गुरुजी मंत्र संपवून मोठ्याने सांगत, "यंदाही चहा कुरोइवांच्या घरचा!" आणि पुढच्या रांगेत बसलेले मासुएचे यजमान, तोकुजी कुरोइवा, मान दोन बोटं झुकवत. पाल्याशी त्यांचा संबंध एवढाच.

तोकुजी कामिनुमाचे स्टेशनमास्तर होते. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या स्टेशनावरून एकच गाडी चार मिनिटांहून जास्त उशिरा सुटली, आणि तिच्या पुढ्यात अस्वल बसलं होतं. हिवाळा तोंडावर आला असताना ते निवृत्त झाले आणि घराला स्टेशनाची शिस्त लावायला लागले.

सुरुवात राखेपासून झाली. रोज सकाळी मासुए शेगडीतली राख लोखंडी बादलीत भरायची आणि बर्फ तुडवत परसाच्या पार टोकाला, भिंतीपाशी नेऊन ओतायची. तोकुजींनी पावलं मोजली. चाळीस जाताना, चाळीस येताना.

"अगं, चाळीस पावलं कशाला? दाराबाहेर सहा पावलांवर झुडूप आहे, त्याच्या बुडाशी टाकली तर काय बिघडतं?"

मासुए त्या वेळी मुळ्याचं लोणचं दाबत होती. मीठ संपत आलं होतं, तिचं लक्ष तिकडे होतं. "राखेचं तुम्ही बघता का? मग तुम्हीच बघा," ती म्हणाली. तोकुजींनी ही परवानगी समजली. साऱ्या हिवाळ्यात त्यांनी राख सहा पावलांवर टाकली आणि वाचलेल्या पावलांचा हिशेब जेवताना तिला दोनदा ऐकवला.

जूनमध्ये निइगाताला त्यांच्या मुलीला, रित्सुकोला, जुळं झालं. मासुए महिनाभरासाठी म्हणून गेली. एक मूल असतं तर महिना पुरला असता. दोन होती. तिचा मुक्काम वाढत वाढत ऑक्टोबरपर्यंत गेला.

इकडे तोकुजींनी परसात पाट्या लावायला घेतल्या. स्टेशनाच्या पाट्या रंगवून उरलेला पांढरा आणि काळा रंग होता. मुळा, कांद्याची पात, पुदिना, लाल शिसो, सगळ्यांच्या डोक्याशी सुबक अक्षरात नावं उभी राहिली. राहिली फक्त दोन झुडपं. एक दाराजवळचं, एक भिंतीजवळचं. यातलं एक गोडपाला आणि दुसरी साधी डोंगरी हायड्रेंजिया, एवढं त्यांना ठाऊक होतं. दोघांची पानं सारखी, उंची सारखी, फुलांचे चपटे गुच्छही सारखे. पण मासुए नेहमी म्हणायची, "निळी फुलं तो गोडपाला, गुलाबी ती नुसती शोभेची." जुलैच्या पावसात दोन्ही फुलली. भिंतीजवळचं निळं आलं, दाराजवळचं गुलाबी. तोकुजींनी निळ्यासमोर पाटी ठोकली: गोडपाला. गुलाबीसमोर ठोकली: शोभेची.

तिसऱ्या दिवशी कुंपणावरून उमेयो डोकावली.

उमेयो तान्नो शेजारीण. सहासष्ट वर्षांची, विधवा, आणि तिची जीभ अशी की भाजी चिरायला विळी नको. गावात तिच्या घराला मान होता, फक्त देवळातल्या त्या एका घोषणेत तिचं नाव कधी आलं नव्हतं. ते ती विसरली नव्हती.

"तोकुसान, स्टेशन घरीच आणलंत की," ती पाट्या वाचत म्हणाली. "ही गुलाबी कुठली?"

"शोभेची. वाचता येत नाही का?"

"येतं. म्हणूनच विचारतेय. छान फुललीय. दारात मात्र अडचण करते, नाही? जाता-येता बाहीला लागत असेल मासुएसानच्या."

तोकुजींना तिथे बाक बसवायचा होता. निइगाताहून परतलेली बायको बाकावर टेकेल, म्हणेल, किती विचार केलात. हे चित्र त्यांनी मनात दोन-तीनदा पाहिलंही होतं.

"हवी तर न्या," ते म्हणाले.

"छे छे, मासुएसानला विचारल्याशिवाय कशी नेऊ?" असं म्हणेपर्यंत उमेयो फावडं घेऊन कुंपणाच्या या बाजूला आली होती. भर पावसात, टोपलीएवढा मातीचा गड्डा राखून तिने झुडूप उपटलं आणि आपल्या परसात संडासाच्या भिंतीला लावलं. सहासष्टाव्या वर्षी बाई एवढी झटपट खणते याचं तोकुजींना कौतुक वाटलं. कौतुकाऐवजी संशय वाटायला हवा होता.

ऑगस्टमध्ये मासुएचा फोन आला. मागे दोन्ही बाळं एका सुरात रडत होती.

"अहो, पितरांचे दिवस झाले. गोडपाला खुडायला हवा. मला काही येता येत नाही. तुम्ही कराल?"

"करीन की. सांग." तोकुजींनी वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं.

"कोरडा दिवस बघून पानं खुडा. धुवून दोन दिवस चटईवर सुकवा. मग पाणी शिंपडा, टोपलीत दाबून भरा, वर गोणपाट घाला. आतून गरम झाली की बाहेर काढा, हाताने चोळा आणि परत खणखणीत वाळवा."

"किती गरम?"

"मांजराच्या पोटाइतकी कोमट."

पेन्सिल थांबली. "म्हणजे किती अंश?"

"मला काय माहीत? हात घातला की कळतं."

"अगं, पण आपल्याकडे मांजर कुठाय?"

"होतं ना."

"आपल्याकडे? कधी?"

"अकरा वर्षं होतं. तुम्ही कामावर असायचात."

तोकुजींनी वहीत लिहिलं: *मांजर (पोट)*.

"आणि खुडताना चावून बघू नका," मासुए म्हणाली. "ताजं पान कडूच असतं. चोळून वाळल्याशिवाय त्याला गोडी येत नाही. अगं बाई, हा धाकटा ओकला! ठेवते."

तोकुजींनी चावून पाहिलं. कडू होतं. म्हणजे सगळं बरोबर चाललंय, असं त्यांनी ठरवलं.

पानं खुडली, धुतली, सुकवली, दाबली. दर दोन तासांनी ते टोपलीत हात घालत आणि दुसरा हात स्वतःच्या पोटावर ठेवत. मांजर नाही तर स्टेशनमास्तर. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दोन्ही हातांना सारखं लागलं. त्यांनी पानं काढून चोळली, वाळवली, आणि शुक्रवारी पहिला पेला करून अंगणात बसून प्यायले.

वाळक्या गवताची चव होती. तीसुद्धा दुसऱ्याच्या गोठ्यातल्या.

चूक पोटाची असावी, असं त्यांना वाटलं. माणसाचं पोट आणि मांजराचं पोट यांत फरक असणारच. झाडावर पानं अजून होती. त्यांनी मांजर मिळवून पुन्हा करायचं ठरवलं. पण त्याआधी पाच तारीख आली. तोकुजींच्या आईची मासिक तिथी. गुरुजी स्कूटरवरून आले, घरातल्या देव्हाऱ्यापुढे मंत्र म्हटले, आणि काकडीच्या लोणच्यासाठी ओसरीवर टेकले.

"हे काय," गुरुजी भिंतीकडे बघत म्हणाले, "तुमच्या आईची गुलाबी यंदा निळी झालेली दिसते."

"गुलाबी?"

"ती तिथली. पन्नास वर्षं बघतोय मी. गोडपाला दारात होता ना, निळा? तो कुठे गेला?"

तोकुजींनी बशी खाली ठेवली. "गुरुजी, फुलं रंग बदलतात?"

"मातीच्या मर्जीप्रमाणे. आपल्याकडची माती आंबट, म्हणून फुलं निळी येतात. राख पडली की लाली चढते. तुमची आई भिंतीशीच राख टाकायची, मासुएबाई पण तेच करतात. दोन झुडपं वेगळी ओळखू यावीत म्हणून." गुरुजींनी काकडीचा तुकडा तोंडात टाकला. "हुशार बाया. साध्या राखेने पाटी लावली."

गुरुजी गेल्यावर तोकुजी दाराशी उभे राहिले. बाक होता. बाकाखालची माती राखाडी होती. दारापासून भिंतीपर्यंत ते चालत गेले आणि न मोजता त्यांना कळलं की चाळीस पावलं होतात.

आता काय झालं होतं ते इतकं सरळ होतं, की स्टेशनच्या फळ्यावर लिहिता आलं असतं. साठ वर्षांचा गोडपाला उमेयोच्या संडासाला टेकून उभा होता. हे मासुएला कळलं तर ती ओरडणार नव्हती, तिला ओरडता येतच नसे. आणि तेच जास्त वाईट होतं. मे महिन्यात गुरुजी गावासमोर तिचं घर पुकारणार आणि किटलीत गोठ्याची चव असणार. एक्केचाळीस वर्षांत तिने एकदाही चुकवलं नव्हतं. त्यांच्या नोकरीत तरी एक अस्वल होतं.

ते उमेयोकडे गेले. सबब ठरवली होती: मांजर मागायचं. तिच्याकडे बोता नावाचा बोका होता, तांदळाच्या लाडवासारखा गोल.

उमेयो ओसरीवर बसली होती. तिच्यामागे सूप होतं, सुपात वाळलेली हिरवी पानं होती. तोकुजींनी आधी सूप पाहिलं, मग संडासाच्या भिंतीकडे पाहिलं. झुडपाची खालची अर्धी बाजू खुडून नागडी झाली होती.

"या, तोकुसान," उमेयो म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. "चहा घ्या. आमच्या घरचा."

तिने पेला पुढे केला. तोकुजींनी घोट घेतला. त्यांची जीभ टाळ्याला चिकटली.

"कसा आहे?"

"तब्येतीला चांगला असणार."

"खरं सांगा."

"कडू आहे, उमेयोसान. कडू जहर."

उमेयोने पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चहा अंगणात भिरकावला. बोता उठून दुसरीकडे जाऊन बसला.

"एक्केचाळीस वर्षं!" ती म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं त्या बाईचा चहा पितेय आणि वाटायचं, पान गोड आहे, तिचं काय त्यात? आता पान माझ्याकडे आहे. तेच पान! तुमची आई ते लावत होती तेव्हा मी कुंपणावर बसून बोरं खात होते. तुमचा जन्म याच गावातला, पण डोळे सगळा जन्म घड्याळात. मला दिसलं की राख कुठे पडतेय. वाट बघितली हिवाळाभर. आणि आता हे! काय घालते ती त्यात? साखर घालते ना? खरं सांगा, कुणाला सांगणार नाही."

तोकुजींना राग यायला हवा होता. पण राग यायला जो अधिकार लागतो तो त्यांनी स्वतः फावड्यासह तिच्या हाती दिला होता.

"साखर नाही," ते म्हणाले. "मांजर."

"काय?"

"पानं नुसती वाळवून चालत नाही. ओली करून दाबायची, ती मांजराच्या पोटाइतकी कोमट झाली की चोळायची. मग गोडी येते."

उमेयोने बोताकडे पाहिलं. बोताने दोघांकडे पाहिलं आणि पाय पोटाखाली घेतले.

"म्हणजे पान माझ्याकडे," उमेयो हळूहळू म्हणाली, "आणि रीत तुमच्याकडे."

"आणि मांजरही तुमच्याकडे," तोकुजी कबूल झाले.

"मग देवळात नाव माझं."

"ते मेमध्ये बघू."

"बघू नाही. बोला."

"गुरुजींना मी सांगेन," तोकुजी म्हणाले. हा शब्द देताना मे खूप लांब होता.

झुडपाची वरची पानं उरली होती. ती दोघांनी मिळून खुडली. उमेयो टाचा उंचावून, तोकुजी तिच्या हाताला लागणार नाहीत अशा फांद्यांवर, आणि दोघंही एकमेकांच्या टोपलीत नजर ठेवून. दोन दिवस ऊन लागलं. पाणी शिंपडून पानं तिच्या लाकडाच्या खोपटात दाबली. सकाळी न्याहारीनंतर, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तोकुजी यायचे. उमेयो बोताला काखेत धरायची. तोकुजींचा डावा हात बोताच्या पोटाखाली, उजवा पाल्यात.

"काय म्हणतं?"

"बोता पुढे आहे."

"हात धुतलात का आधी?"

"मांजरासाठी?"

"पाल्यासाठी! कसले स्टेशनमास्तर तुम्ही, जिथे तिथे हात घालता."

पहिल्या दिवशी बोताने मनगटावर चार ओरखडे काढले. दुसऱ्या दिवशी तो सवयीने आपणहून पोट वर करून पडला. दुपारी जेवणानंतर तोकुजींचे दोन्ही हात एकाच वेळी थांबले. खोपटात वास बदलला होता. ओल्या गवताचा जाऊन नव्या चटईचा, आणि त्यामागे काहीतरी पिकल्यासारखा.

"आता," ते म्हणाले. वेळ किती झाली हे बघायला ते विसरले.

दोघांनी समोरासमोर बसून पानं चोळली. तळहात काळे झाले. पानं पुन्हा उन्हात गेली, कुरकुरीत झाली, आणि उमेयोने पाणी उकळलं. पहिला घोट दोघांनी एकदम घेतला. काही नाही. थोडं कोमट पाणी, थोडा पाला. उमेयोचा चेहरा पडायला लागला. आणि घोट घशाखाली उतरून गेल्यावर, वाट बघणं सोडून दिल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूने गोडी आली. ती थांबली आणि जाईना.

"आली," उमेयो म्हणाली.

"उशिरा आली," तोकुजी म्हणाले. पण त्यांनी दुसरा घोट घेतला.

पाला पत्र्याच्या डब्यात भरला, आणि डबा कुरोइवांच्या कपाटात दरवर्षीच्या जागी गेला. उमेयोने हे चालवून घेतलं, कारण मेमध्ये तिला त्याहून मोठी गोष्ट मिळणार होती.

ऑक्टोबरमध्ये मासुए आली. बॅग खाली ठेवण्याआधी ती परसात गेली. पाट्या वाचल्या. बाक पाहिला. भिंतीजवळच्या झुडपासमोर उभी राहिली. त्याच्यासमोर अजून लिहिलेलं होतं: गोडपाला.

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली.

"दारातली ती शोभेची," तोकुजींनी बाकाकडे हात केला, "उमेयोसानला दिली. अडचण व्हायची."

"हं," मासुए म्हणाली.

तिने डबा उघडून वास घेतला, पुन्हा "हं" म्हणाली आणि मुळे धुवायला गेली. त्या दोन "हं"चा अर्थ लावण्यात तोकुजींचा सारा हिवाळा गेला. एक "हं" म्हणजे कळलं, आणि दुसरं म्हणजे माफ केलं, असा एक मार्ग होता. पण क्रम उलटा असला तर? राख ते आता भिंतीपाशी टाकत, चाळीस पावलं जाऊन. मासुए खिडकीतून बघायची आणि लोणचं दाबायची.

एप्रिलमध्ये ते गुरुजींना सांगायला तीनदा देवळात गेले. पहिल्यांदा बर्फाबद्दल बोलले. दुसऱ्यांदा छपराच्या पत्र्याबद्दल. तिसऱ्यांदा गुरुजींनीच विचारलं, "तोकुसान, तुम्हाला काही सांगायचंय का?" तेव्हा ते म्हणाले की पेले मोजायला हवेत.

आठ मेला ऊन पडलं. फुलांच्या छपराखाली बाळबुद्ध एक हात वर करून उभा राहिला. मासुएने पाला मोजून टाकला, किटल्या भरल्या. पेले भरायला उमेयो स्वतःहून पुढे आली होती. नव्या किमोनोत, केस विंचरून, पळी तलवारीसारखी धरून. बोता तिच्यामागून आला होता आणि पायरीवर उन्हात पडला होता. रांग सरकत होती. लोक पीत होते आणि थोड्या वेळाने, गोडी आल्यावर, एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

गुरुजींनी मंत्र संपवला. घसा खाकरला.

"यंदाही चहा कुरोइवांच्या घरचा!"

उमेयोची पळी हवेत थांबली. पळीतून थेंब गळत होते. तिने तोकुजींकडे पाहिलं.

तोकुजींची मान झुकली नाही. शेजारी मासुए पेला दोन हातांत धरून बसली होती, नजर मूर्तीवर. आता बोललो तर तिच्या घराचा मान जाणार, न बोललो तर तिच्या घराच्या नावावर खोटं राहणार. ते उभे राहिले. काय करावं ते न सुचल्यामुळे त्यांच्या तोंडून तोच आवाज निघाला, जो अडतीस वर्षं फलाटावर निघायचा.

"सूचना. घोषणेत दुरुस्ती आहे. यंदाचा पाला तान्नो उमेयोसान यांच्या परसातला आहे. आमच्या परसातला गोडपाला मी गेल्या जुलैत ओळखला नाही आणि देऊन टाकला. आमच्याकडे राहिलेलं झुडूप शोभेचं आहे. चूक स्टेशनमास्तरची. झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे."

देवळातली सगळी डोकी मासुएकडे वळली.

मासुएने पेल्यातला शेवटचा घोट घेतला. तो उतरू दिला. गोडी येईपर्यंत थांबली.

"ऑक्टोबरपासून वाट बघतेय," ती म्हणाली. "सात महिने उशीर. वाटेत अस्वल होतं का?"

आधी गुरुजी हसले. मग मागच्या रांगा, मग सगळेच. तोकुजींचे कान लाल झाले आणि ते खाली बसले. उमेयोने मान उंच केली, पळी खाली ठेवली आणि हसणं थांबायची वाट बघितली. गुरुजींनी हात वर केला आणि नव्याने सांगितलं, "यंदाचा चहा तान्नोंच्या घरचा!" उमेयोने मान झुकवली. दोन बोटं नाही, चांगली चार बोटं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिने लपवलं नाही.

"अभिनंदन, उमेयोसान," मासुए म्हणाली. "पेले मागच्या विहिरीवर नेऊन ठेवलेत."

"कसले पेले?"

"सव्वादोनशे. ज्या घरचा पाला, त्या घरी धुणी. सासूबाईंच्या वेळेपासून आहे. मीच का मोडू?"

उमेयोने आपल्या नव्या किमोनोच्या बाह्यांकडे पाहिलं. मग तोकुजींकडे. "पान माझं होतं," ती ठणकावून म्हणाली, "पण चोळलं यांनी! अर्धा पाला यांचा!"

"मग अर्धे पेले यांचे," मासुए म्हणाली.

विहिरीचं पाणी मेमध्येही बर्फाचंच असतं. दोघं काठावर समोरासमोर बसले, उमेयो बाह्या दोरीने बांधून, तोकुजी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. दहा पेल्यांत बोटं बधिर झाली. वीस पेल्यांनंतर उमेयोने विचारलं, "दरवर्षी? एकटीच?"

"दरवर्षी," तोकुजी म्हणाले, जणू त्यांनी एकदा तरी येऊन पाहिलं होतं.

मासुए देवळाच्या मागच्या, विहिरीकडच्या पायरीवर बसली होती. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने दुसरा पेला घेतला होता, आणि तो ती सावकाश पीत होती. बोता तिच्या मांडीवर चढला, दोन वळसे घेऊन पसरला आणि सवयीप्रमाणे त्याने पोट वर केलं. तिने त्याच्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला.

"हं," ती म्हणाली.

या "हं"चा अर्थ तोकुजींना लगेच कळला. ते पुढचा पेला उचलणार, तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"अहो, कडा नीट घासा. गोडी कडेला राहते."